वारशातील पदके : ओळख, मोल आणि जतन

महाराष्ट्रातील असंख्य घरांत देवघराच्या खणात, जुन्या पेटीत अथवा दागिन्यांच्या डब्यात एखादे जुने पदक, ताम्रवर्णी तारा किंवा अक्षरे कोरलेली धातूची चकती जपून ठेवलेली असते. आजोबा किंवा पणजोबा 'लढाईला गेले होते' एवढेच घरात ठाऊक असते. ते कोणत्या लढाईत होते, कोणत्या पलटणीत होते, पदक कशाबद्दल मिळाले, यांची उत्तरे देणारी पिढी आता उरलेली नाही. अशा वेळी ती वस्तू केवळ एक धातूचा तुकडा बनते आणि घरात अडचण आली की सराफाच्या तराजूत जाऊन पडते.

वस्तुतः ही पदके म्हणजे धातूवर लिहिलेले दस्तऐवज होत. सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, पुणे, अहिल्यानगर यांसारख्या जिल्ह्यांतील ज्या गावांनी दोन्ही महायुद्धांत माणसे पाठविली, त्या गावांच्या इतिहासाचे ते अनेकदा एकमेव लेखी साधन असते. शिपायाने घरी पाठविलेली पत्रे नष्ट झाली, कागदपत्रे वाळवीने खाल्ली. परंतु पदकाच्या कडेवर ठोकलेले नाव शंभर वर्षांनंतरही वाचता येते. ते कसे वाचावे, त्याचे मोल कसे ठरवावे आणि ते कसे सांभाळावे, याची प्राथमिक माहिती शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांना असणे इष्ट आहे. कारण अशी वस्तू घेऊन गावकरी प्रथम त्यांच्याकडेच येतो.

वस्तूचा प्रकार ओळखणे

हाती आलेली वस्तू नाणे आहे, पदक आहे, की टोकन आहे, हे प्रथम ठरवावे. नाणे चलनासाठी पाडलेले असते. त्यावर बहुधा सत्ताधीशाचे नाव, किंमत किंवा टांकसाळीची खूण असते. शिवछत्रपतींच्या नावाची तांब्याची शिवराई हे नाणे होय, पदक नव्हे. पदक हे सेवा, शौर्य अथवा एखादा प्रसंग यांच्या स्मरणार्थ दिलेले असते व ते छातीवर लावता यावे म्हणून त्याला वरच्या बाजूस कडी किंवा आडवी पट्टी असते. टोकन अथवा बिल्ला हा व्यवहाराच्या सोयीसाठी असतो. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांचे क्रमांक ठोकलेले हजेरीचे बिल्ले हे त्याचे परिचित उदाहरण.

देवघरातील 'रामटंका' हा आणखी वेगळा प्रकार. एका बाजूस राम-सीतेचा दरबार व दुसऱ्या बाजूस वनवासी राम-लक्ष्मण अशी चित्रे असलेल्या या चकत्या पूजेसाठी घडविल्या जात. त्यांवरील सन पुष्कळदा काल्पनिक असतो. म्हणून त्यांचे वय केवळ त्या आकड्यावरून ठरवू नये. ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचे, १८१८ सालचे, राम किंवा हनुमान यांची आकृती असलेले 'आणे' खेड्यापाड्यांत लाखो रुपयांची वस्तू म्हणून दाखविले जातात. अशा प्रकारचा आणा कंपनीने त्या वर्षी चलनात आणलेला नव्हता. असे नाणे तांदूळ ओढते, त्यात दैवी शक्ती आहे, असे सांगून केलेल्या फसवणुकीच्या अनेक तक्रारी पोलिसांत नोंदल्या गेल्या आहेत. कोणत्याही नाण्यात वा पदकात असा गुण नसतो. त्याच्या नावाखाली 'तपासणी शुल्क' मागणाऱ्या माणसाला पंचायतीने थारा देऊ नये.

या लेखात मुख्यतः सैनिकी पदकांचा विचार केला आहे. आपल्याकडील घरांत ती आढळतात आणि सर्वांत अधिक हानीही त्यांचीच होत आहे.

काळ ठरविण्याची पहिली खूण

ब्रिटिश अमदानीतील बहुतेक पदकांवर राजा किंवा राणीचा मुखवटा असतो. त्यावरून काळाची चौकट तत्काळ मिळते. व्हिक्टोरिया राणी असल्यास पदक १९०१ पूर्वीच्या राजवटीतील, सातवा एडवर्ड असल्यास १९०१ ते १९१०, पाचवा जॉर्ज असल्यास १९१० ते १९३६ आणि सहावा जॉर्ज असल्यास १९३६ नंतरचे, असे समजावे. मुखवट्याभोवतीची अक्षरे लॅटिन भाषेत असतात. त्यांत राजाचे नाव व रोमन आकडा असतो. हिंदुस्थानसाठी काढलेल्या काही पदकांवर 'कैसर-इ-हिंद' ही पदवीही आढळते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकांवर मुखवट्याऐवजी राजाच्या नावाची आद्याक्षरे किंवा केवळ वर्षे असतात.

पहिल्या महायुद्धाची पदके

आपल्याकडील घरांत पहिल्या महायुद्धाची पुढील पदके प्रामुख्याने आढळतात.

ब्रिटिश युद्धपदक : हे १९१९ मध्ये सुरू करण्यात आले. ते गोल असून त्याचा व्यास ३६ मिलिमीटर आहे. एका बाजूस पाचव्या जॉर्जचा मुखवटा व दुसऱ्या बाजूस घोड्यावर आरूढ झालेला नग्न योद्धा व १९१४ आणि १९१८ ही वर्षे आहेत. फितीच्या मध्यभागी रुंद नारिंगी पट्टा असून दोन्ही बाजूंस पांढऱ्या, काळ्या व निळ्या रेषा आहेत. ही पदके सुमारे ६५ लाख काढण्यात आली. त्यांपैकी बहुसंख्य चांदीची आहेत. सुमारे १ लाख १० हजार मात्र ब्राँझची होती. ब्राँझची पदके निरनिराळ्या देशांतील मजूर तुकड्यांतील माणसांना देण्यात आली; त्यांत हिंदी मजूर तुकड्यांचाही समावेश होता.

विजयपदक : हेही ३६ मिलिमीटर व्यासाचे, परंतु ब्राँझचे आहे. त्यावर पंख पसरलेली विजयदेवता असून मागील बाजूस 'संस्कृतीसाठी महायुद्ध, १९१४-१९१९' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत. फितीवर इंद्रधनुष्याचे रंग दोन्ही बाजूंनी मध्याकडे येतात.

१९१४ चा तारा व १९१४-१५ चा तारा : हे दोन्ही ब्राँझचे असून दिसण्यात जवळजवळ सारखे आहेत. ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या अवधीत फ्रान्स अथवा बेल्जियममध्ये सेवा केलेल्यांना पहिला तारा मिळाला. लाहोर व मीरत या हिंदी डिव्हिजन १९१४ च्या शरद ऋतूत मार्सेल्स बंदरात उतरल्या; म्हणून त्यांतील सैनिकांच्या घरी तो असण्याचा संभव आहे. मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, ईजिप्त इत्यादी आघाड्यांवर १९१५ अखेरपर्यंत दाखल झालेल्यांना दुसरा तारा मिळाला.

स्मृतिफलक : हे पदक नव्हे. सुमारे १२० मिलिमीटर व्यासाची ही ब्राँझची जाड तबकडी युद्धात मरण पावलेल्या सैनिकाच्या वारसाला देण्यात येई. तिच्यावर ब्रिटानियाची आकृती, सिंह व दोन डॉल्फिन मासे असून एका चौकोनी पट्टीत मृताचे नाव उठावाच्या अक्षरांत ओतलेले असते. मृत्यूने सर्व समान होतात, या भावनेने त्यावर हुद्दा घातलेला नाही. अशा तबकड्या १३ लाखांहून अधिक काढण्यात आल्या. आपल्याकडे कित्येक घरांत ती 'राणीचे मोठे नाणे' म्हणून ओळखली जाते. घरात अशी तबकडी असणे म्हणजे त्या घरातील माणूस युद्धातून परत आला नाही, याचा तो पुरावा होय.

या माहितीवरून काही अनुमाने निश्चितपणे काढता येतात. विजयपदक एकटे कधीच दिले जात नसे. त्यासोबत ब्रिटिश युद्धपदक असेच. म्हणून घरात केवळ विजयपदक आढळल्यास चांदीचे पदक हरवले, विकले गेले किंवा दुसऱ्या भावाच्या वाटणीस गेले, असे समजून शोध घ्यावा. तद्वतच १९१४-१५ चा तारा मिळालेल्यास उरलेली दोन्ही पदके मिळालेली असतात. या उलट ब्रिटिश युद्धपदक एकटेही मिळू शकत असे; म्हणून ते एकटे आढळले तर काही हरवलेच आहे, असा तर्क करू नये.

कडेवरील लेखन : पदकाची खरी वाचा

पदकाचा दर्शनी भाग लाखो पदकांवर सारखाच असतो. एका पदकाला दुसऱ्यापासून वेगळे करते ती त्याची कड. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर आणि ताऱ्यांच्या पाठीमागे मिळविणाऱ्याचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते. पदक हातात घेऊन उजेडात सावकाश फिरवीत भिंगाने ही अक्षरे वाचावीत. अक्षरे झिजली असल्यास पातळ कागद कडेवर ठेवून त्यावर मऊ शिसपेन्सिल हलकेच फिरवावी; ठसा कागदावर उमटतो.

समजा, कडेवर प्रथम एक चार आकडी क्रमांक, मग 'सेपॉय', नंतर अमुक जाधव असे नाव व शेवटी '१०३ मराठा एल. आय.' असा मजकूर आहे. यावरून तो १०३ व्या मराठा लाइट इन्फंट्रीचा शिपाई होता, हे समजते. ही पलटण, ११० वी मराठा लाइट इन्फंट्री व ११७ वी मराठा पलटण या तिन्ही पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. या डिव्हिजनला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधील कूत येथे, डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा पडला व २९ एप्रिल १९१६ रोजी अन्नाअभावी शरणागती पत्करावी लागली. शरण गेलेल्यांपैकी पुष्कळजण तुर्कांच्या कैदेत मरण पावले. घरात 'आजोबा बसऱ्याला होते' एवढीच आठवण असेल, तर कडेवरील एका ओळीने तिला असा आधार मिळतो. मात्र पलटणीचे नाव मिळाले म्हणजे तो माणूस वेढ्यात होताच, असे ठरत नाही. रजेवर गेलेले, जखमी होऊन परतलेले व नंतर भरती झालेलेही त्याच पलटणीचे असत. अनुमान आणि पुरावा यांतील ही मर्यादा सांभाळली पाहिजे.

हुद्द्यांची संक्षिप्त रूपे बहुधा इंग्रजीत असतात. 'सेप' म्हणजे शिपाई, 'एन. के.' म्हणजे नाईक, 'हॅव' म्हणजे हवालदार, 'जेम' म्हणजे जमादार, 'सब' म्हणजे सुभेदार. 'डी. व्ही. आर.' असे असल्यास तो तोफखान्याचा अथवा वाहतुकीचा ड्रायव्हर, म्हणजे घोडी व खेचरे हाकणारा असे. 'फॉलोअर' म्हणजे पलटणीबरोबर काम करणारा भिस्ती, आचारी, डोलीवाहक इत्यादी नोकरवर्ग. 'एस. अँड एम.' म्हणजे सॅपर्स अँड मायनर्स. आपल्याकडील माणूस असल्यास तो बहुधा खडकी येथील तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्समधला असण्याचा संभव आहे. '१११ महार' असे लेखन आढळल्यास त्याचे महत्त्व विशेष मानावे. ही पलटण १९१७ मध्ये उभारली गेली आणि १९२१ मध्ये मोडण्यात आली. तिचे आयुष्यच अवघे चार वर्षांचे होते. पुढे महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे नव्याने उभी राहिली.

नावांच्या लेखनाविषयी सावध असावे. इंग्रज किंवा परप्रांतीय कारकुनाने ऐकले तसे नाव लिहिले आहे. एकच आडनाव तीन-चार प्रकारे लिहिलेले आढळते. काही वेळा आडनावाऐवजी वडिलांचे नाव असते, काही वेळा नुसतेच पहिले नाव. एकाच पलटणीत एकाच नावाची अनेक माणसे असत. म्हणून ओळख पटविताना क्रमांकाला नावाहून अधिक महत्त्व द्यावे.

दुसरे महायुद्ध आणि त्यानंतर

दुसऱ्या महायुद्धाचे तारे पिवळसर मिश्रधातूचे व सहा टोकांचे आहेत. त्यांच्या मध्यभागी सहाव्या जॉर्जची आद्याक्षरे व सभोवती ताऱ्याचे नाव असते. आफ्रिका ताऱ्यासाठी १० जून १९४० ते १२ मे १९४३, इटली ताऱ्यासाठी ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ आणि बर्मा ताऱ्यासाठी ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ हा सेवेचा अवधी ठरविलेला होता. म्हणजे ताऱ्याचे नाव वाचले की आघाडी व काळ दोन्ही समजतात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी इरिट्रियातील केरेन येथे १९४१ मध्ये व पुढे इटलीत लढल्या. इटलीतच नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या व शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे यांना तो मरणोत्तर मिळाला.

ताऱ्यांसोबत १९३९-४५ चे युद्धपदक आढळते. त्यावर दोन तोंडांच्या ड्रॅगनवर उभा असलेला सिंह आहे. हिंदुस्थानचा नकाशा असलेले 'इंडिया सर्व्हिस मेडल' केवळ हिंदी सैन्यदलांसाठी होते. देशातच तीन वर्षे सेवा केलेल्यांना ते मिळाले. ही गोल पदके आपल्याकडे बहुधा तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची असतात. चांदी म्हणून त्यांची किंमत शून्य असते. या युद्धाची पुष्कळ पदके नाव न ठोकताच देण्यात आली. अशा पदकाचा धनी कोण, हे त्यासोबतची पेटी, चिठ्ठी, सेवापुस्तिका किंवा निवृत्तिवेतनाचा कागद यांवरूनच ठरते. कागद पदकापासून वेगळा झाला की पदक मुके होते.

स्वातंत्र्यानंतरची पदके ओळखणे सोपे आहे, कारण त्यांवर देवनागरी लेखन व अशोकस्तंभाचे सिंह असतात. १९६५ च्या युद्धाचा समर सेवा तारा व रक्षा पदक, १९७१ च्या युद्धाचे पूर्वी तारा, पश्चिमी तारा व संग्राम पदक ही त्यांपैकी नेहमी आढळणारी होत. स्वातंत्र्यसैनिकांना स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षी, १९७२ मध्ये, देण्यात आलेले ताम्रपट हाही याच वारशाचा भाग आहे.

येथे एका प्रश्नाचा विचार केला पाहिजे. परकीय राजाचा मुखवटा असलेली पदके स्वतंत्र भारतात जपावीत कशाला, असे काहीजण विचारतात. महात्मा गांधींना १९१५ मध्ये मिळालेले कैसर-इ-हिंद सुवर्णपदक त्यांनी १९२० मध्ये असहकाराच्या वेळी परत केले, ही घटना सर्वश्रुत आहे. पंडिता रमाबाईंना याच नावाचे पदक १९१९ मध्ये समाजकार्याबद्दल मिळाले. पदक स्वीकारणे आणि परत करणे, दोन्ही इतिहासच आहेत. शेतीवर पोट न भरल्यामुळे पलटणीत गेलेल्या व परमुलखात मरण पावलेल्या कोकणातील किंवा माणदेशातील तरुणाचे नाव जपणे म्हणजे साम्राज्याचा गौरव करणे नव्हे. ते आपल्या गावच्या माणसाचे नाव आहे.

मोल कसे ठरवावे

पदकाचे मोल चार प्रकारचे असते आणि ते एकमेकांत मिसळू नये.

पहिले धातूचे मोल. चांदीचे ब्रिटिश युद्धपदक साधारणतः ३० ग्रॅम भरते व त्याची चांदी हजारी ९२५ कसाची आहे. म्हणजे त्यात शुद्ध चांदी सुमारे २८ ग्रॅम येते. ज्या दिवशी विचार करावयाचा त्या दिवसाच्या भावाने तिला गुणले की सराफ जास्तीत जास्त किती देऊ शकेल, हे घरबसल्या कळते. ही पदकाची किमान किंमत होय, खरी किंमत नव्हे.

दुसरे संग्राहकांच्या बाजारातील मोल. ते धातूवर अवलंबून नसते. पदक किती दुर्मिळ आहे, कोणत्या पलटणीचे आहे, मिळविणारा माणूस कोण होता, संच पूर्ण आहे काय, कागदपत्रे सोबत आहेत काय आणि कडेवरील नाव शाबूत आहे काय, यांवर ते ठरते. ब्राँझचे युद्धपदक चांदीच्या पदकाहून पुष्कळच कमी संख्येने निघाले. म्हणून संग्राहक त्याला अधिक किंमत देतात. सराफाकडे नेले तर तो नेमके तेच 'कवडीमोल' म्हणून परत करील. इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट किंवा 'विशिष्ट सेवेबद्दल' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे असलेले इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल ही शौर्याची पदके आहेत. ती सर्व शिपायांना सरसकट मिळत नसत. अशा पदकाचे मोल जाणकाराच्या लेखी अभिप्रायाशिवाय ठरवू नये. एकाच व्यक्तीची पदके वेगवेगळी विकल्यास त्यांची एकत्रित किंमत घटते, हा सर्वत्र आढळणारा अनुभव आहे.

तिसरे ऐतिहासिक मोल. बाजारात सामान्य ठरणारे पदकही गावाच्या दृष्टीने अनमोल ठरू शकते. इंग्रज सरकारने महायुद्धानंतर अनेक गावांत संगमरवरी पाट्या बसविल्या. 'या गावातून इतकी माणसे महायुद्धावर गेली व त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले' एवढाच मजकूर त्यांवर आहे. माणसांची संख्या आहे, नावे नाहीत. ही नावे गावातील पदकांच्या कडांवरून मिळू शकतात. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' या नावानेच ओळखले जाते. तथापि ज्यांच्या नावापुढे असे बिरुद लागलेले नाही, अशीही सैनिकांची गावे पुष्कळ आहेत.

चौथे कुटुंबाच्या नात्याचे मोल. त्याची मोजदाद पैशांत होत नाही; परंतु वाटणीच्या वेळी तेच वादाचे कारण बनते. तीन भावांनी तीन पदके वाटून घेणे न्याय्य दिसते; पण त्यामुळे संच कायमचा फुटतो. संच एका घरी ठेवून त्याची छायाचित्रे व कडेच्या ठशाची प्रत प्रत्येकाने घ्यावी, हा अधिक चांगला मार्ग होय.

धातूच्या मोलालाच खरे मोल समजल्याने काय घडते, याचे उदाहरण फार जुने नाही. १९७९ च्या अखेरीस चांदीचे भाव भडकले व जानेवारी १९८० मध्ये जागतिक बाजारात ते औंसाला ५० डॉलरच्या जवळपास पोहोचले. त्या सुमारास ब्रिटिश युद्धपदकातील चांदीची किंमत संग्राहक देत असलेल्या किंमतीहून अधिक झाली आणि असंख्य पदके वितळविली गेली. काही महिन्यांतच भाव कोसळले. वितळलेली नावे मात्र परत येणे शक्य नव्हते. चांदीचा भाव चढला की हाच धोका पुन्हा निर्माण होतो.

खरे आणि नकली

जुन्या पदकांच्या प्रतिकृती आज सर्रास मिळतात. पुढील साध्या कसोट्या उपयोगी पडतात. चांदी, तांबे, ब्राँझ व तांबे-निकेल हे धातू लोहचुंबकाला चिकटत नाहीत. चिकटल्यास वस्तू संशयास्पद समजावी. मूळ गोल पदके ठशाने पाडलेली असल्याने त्यांची अक्षरे रेखीव असतात. साच्यात ओतलेल्या नकलेवर बारीक छिद्रे, बोथट अक्षरे व कडेवर जोडाची रेघ दिसते. स्मृतिफलकाला मात्र हा नियम लावू नये, कारण तो मुळातच ओतीव आहे. व्यास व वजन मोजून ज्ञात मापांशी ताडून पाहावे. कड एखाद्या जागी सपाट किंवा नेहमीपेक्षा बारीक वाटल्यास मूळ नाव घासून दुसरे ठोकले असण्याचा संभव असतो. घरात तीन पिढ्या असलेल्या पदकाबद्दल सहसा शंकेचे कारण नसते. बाजारातून 'आजोबांचे म्हणून' घेतलेल्या पदकाबद्दल ते नेहमीच असते.

जतनाचे नियम

पदक चकचकीत करण्याचा मोह टाळावा. चिंच, लिंबू, राख, रांगोळी किंवा बाजारातील पॉलिश यांनी घासल्यास दर वेळी धातूचा सूक्ष्म थर निघतो व सर्वांत आधी कडेवरील नाव पुसले जाते. चांदीवरील काळपटपणा हा दोष नव्हे. तो तसाच राहू द्यावा. धूळ असल्यास मऊ सुती कापडाने टिपावी. गळ्यात घालण्यासाठी कडी डाखून घेणे, भोक पाडणे, मूळ फीत टाकून नवी लावणे, हे प्रकार करू नयेत. फीत जीर्ण झाली असली तरी ती सोबतच ठेवावी.

रबर, लोकर व साध्या प्लॅस्टिकच्या पिशव्या धातूला अपाय करतात. प्रत्येक पदक स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात वेगळे गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावे. कोकणासारख्या दमट भागात पावसाळ्यानंतर एकदा डबा उघडून पाहावा. ब्राँझवर हिरवट पूड दिसल्यास ते पदक इतरांपासून बाजूला करून जाणकाराचा सल्ला घ्यावा.

कायद्याच्या मर्यादा

पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ हा ५ एप्रिल १९७६ पासून अंमलात आहे. त्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे अथवा कलाकुसरीची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येते. पुरावस्तू देशाबाहेर पाठविण्याचा अधिकार खाजगी व्यक्तीला नाही आणि तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकांनी आता ही शंभर वर्षांची मर्यादा गाठली आहे किंवा ती गाठण्याच्या बेतात आहेत, हे लक्षात घ्यावे. परदेशातील ग्राहकाने चांगली किंमत देऊ केली, तरी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा केल्याविना पदक टपालाने बाहेर धाडू नये.

वारसाहक्काने आलेली वस्तू आणि जमिनीत सापडलेली वस्तू यांतही भेद आहे. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना मौल्यवान वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळविणे बंधनकारक आहे. ग्रामसेवकांनी हा नियम गावकऱ्यांना समजावून सांगावा.

शाळा व ग्रामपंचायतीने काय करावे

या कामासाठी वेगळ्या निधीची आवश्यकता नाही. प्रत्येक ग्रामपंचायतीने एक 'पदक नोंदवही' ठेवावी आणि हायस्कुलातील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने घरोघरच्या वस्तूंची नोंद करावी. वस्तू ताब्यात घेऊ नयेत. केवळ नोंद घ्यावी व वस्तू त्याच क्षणी घरधन्याच्या हाती परत द्यावी. नोंदवहीत पुढील रकाने असावेत : वस्तूचा प्रकार व धातू, व्यास व वजन, दोन्ही बाजूंचे वर्णन, कडेवरील लेखन जसेच्या तसे, फितीचे रंग, सोबतची कागदपत्रे, मिळविणाऱ्याचे घरात प्रचलित असलेले नाव, घरात सांगितली जाणारी हकीकत आणि ती सांगणाऱ्याचे वय. कडेवरील लेखन व घरातील हकीकत वेगवेगळ्या रकान्यांत लिहावी. एकीच्या आधारे दुसरीत दुरुस्ती करू नये. दोन्ही बाजू व कड यांचे छायाचित्र जोडावे. नोंदवही चोरट्यांना मार्गदर्शक ठरू नये, यासाठी ती कार्यालयात कुलपात ठेवावी आणि कोणत्या घरी काय आहे, याची जाहीर वाच्यता करू नये.

मृत सैनिकांच्या नावाची खातरजमा राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या नोंदींवरून करता येते. या नोंदी आयोगाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. इराकमधील बसरा स्मारक, फ्रान्समधील न्यू शापेल येथील हिंदी सैनिकांचे स्मारक, पुण्यातील खडकी येथील युद्धस्मारक यांच्या नोंदींत आपल्याकडील पलटणींच्या माणसांचा शोध घ्यावा. पलटणीविषयीच्या माहितीसाठी मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगाव येथील, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथील आणि बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकी येथील केंद्र यांच्याशी पत्रव्यवहार करता येईल. माजी सैनिकांच्या कुटुंबीयांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडून मार्गदर्शन मिळू शकते. ज्या कुटुंबाला पदके सांभाळणे शक्य नसेल, त्याने ती संग्रहालयास दान करताना वस्तूंचे सविस्तर वर्णन असलेली लेखी पोच अवश्य घ्यावी.

शिक्षकांना यातून इतिहासाचा जिवंत पाठ मिळेल. कूत, केरेन, इटली ही नावे पाठ्यपुस्तकात दूरची वाटतात. आपल्याच गल्लीतील घरात त्यांचा पुरावा आहे, हे कळल्यावर ती जवळची होतात. विद्यार्थी मोजमाप शिकतात, वाचलेल्या व ऐकलेल्या माहितीची पारख करण्यास शिकतात आणि वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागतात.

गावाच्या चावडीवरील संगमरवरी पाटीला रंग लावण्यापूर्वी तिच्यावरील आकडा एकदा वाचावा. तेवढी नावे नोंदवहीत भरतात काय, हे पाहावे. जितकी कमी पडतील तितक्या घरांचे उंबरे अद्याप आपण ओलांडावयाचे आहेत, असे समजून या कामास लागावे.